औषधींची भूमिपरीक्षा

औषधी वनस्पती कोणत्या जमिनीतून घ्यावी, या विषयाला सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. स्मशान, वारूळ, वधस्थान, खाचखळग्यांची जागा तेथे वर्ज्य मानली आहे. आज आयुर्वेदाच्या नावाने चालणाऱ्या प्रचंड व्यापारातून ही भूमिपरीक्षा जवळपास लोप पावली आहे. आडत्याच्या वखारीत पोते येते तेव्हा वनस्पतीचे नाव कळते, भाव ठरतो. ते पोते कोणत्या नाल्याच्या काठावरून आले, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

गरज आहे ती यासाठी की, कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि धुरातून जमिनीत उतरलेले शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक हे पदार्थ कुजत नाहीत, विरत नाहीत. शिसे बहुतांशी मातीला धरून राहते. पानांवर ते मुख्यतः धुळीवाटे येते आणि धुतल्याने काही अंशी जाते. कॅडमियमचे तसे नाही. ते मुळांतून थेट पानांत चढते, आम्ल जमिनीत तर अधिकच. असे पान कितीही धुतले तरी काय उपयोग? मानवी मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम कित्येक वर्षे बाहेर पडत नाही.

दलदलीत वाढणाऱ्या जलब्राह्मीचे उदाहरण बोलके आहे. ही वनस्पती पाण्यातील जड धातू भराभर शोषून घेते, म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी तिचा उपयोग होईल काय, याचे प्रयोग आपल्याकडील वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वीच केले आहेत. हीच ब्राह्मी मुलांची स्मरणशक्ती वाढावी म्हणून घरोघर दिली जाते. आणि शिसे मुलांच्या शरीरात गेले तर पहिला आघात होतो तो मेंदूवरच.

या प्रश्नाची शासकीय दखल घेतली गेली ती मात्र मुलांसाठी नव्हे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडे संतापाची लाट उसळली. रसौषधींत धातू शास्त्रोक्त संस्कार करूनच घातलेले असतात, असा युक्तिवाद झाला. भस्मांपुरता तो विचारात घेता येईल. पण निव्वळ काष्ठौषधींत शिसे सापडले तर त्याला कोणत्या ग्रंथाचा आधार दाखवणार? पुढल्याच वर्षी केंद्र सरकारने आदेश काढला. निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. दर दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग, अशा मर्यादा ठरल्या. सक्तीची सुरुवात निर्यातीच्या मालापासून व्हावी, जणू परदेशी रुग्णाचे मूत्रपिंड अधिक नाजूक असते, हे आपल्या व्यवस्थेच्या अग्रक्रमाचे नमुनेदार दर्शन होय.

शिवाय ही तपासणी साखळीच्या शेवटच्या टोकाला होते. दोष असतो पहिल्या टोकाला, मातीत. अर्थशास्त्रात जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विवेचन केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. मालाचा खरा दर्जा गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल, तर चांगल्या आणि वाईट मालाला एकच भाव मिळतो. मग चांगला माल आणण्याची तोशीस कोण सोसणार? कारखान्यांपासून दूर, स्वच्छ पाण्यावर अश्वगंधा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल चार पैसे अधिक मिळत नाहीत. एखाद्या मोठ्या औषध कंपनीने तपासून नाकारलेले पोते कमी चोखंदळ गिऱ्हाइकाकडे वळण्याचीच शक्यता अधिक.

यात सर्वांत मोठा अन्याय होतो तो शेतकऱ्यावर. माती त्याने बिघडवली नाही, पण माल नाकारला गेला की नुकसान त्याचे. वास्तविक बिघडलेल्या जागा सरकारला ठाऊक आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून ४३ क्षेत्रे गंभीर प्रदूषित ठरवली. त्यांत चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर ही आपली नावे होती. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी २००० पासून राष्ट्रीय मंडळही आहे. लागवडीचे अनुदान देण्यापूर्वी माती व पाणी तपासण्याची अट घालावी आणि अशा क्षेत्रांत तिचा खर्च कारखान्यांकडून वसूल करावा, यात अशक्य असे काही नाही. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ मध्येच लावले. अर्थात तेथील रक्कम वसूल न झाल्याने २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजाचा आदेश द्यावा लागला, हेही विसरता येत नाही. म्हणून वसुली निकालानंतर नव्हे, कारखान्याच्या परवान्याबरोबरच व्हावयास हवी.

बिघडलेल्या जमिनीवर शेतकऱ्याने काय पिकवावे, याचेही उत्तर अगदीच नाही असे नव्हे. गवती चहा, वाळा यांसारख्या सुगंधी पिकांचे तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात आणि जड धातू त्या वाफेबरोबर तेलात जवळजवळ येत नाहीत. तेथे काढ्याची वनस्पती न लावता तेलाचे पीक घ्यावे आणि भट्टीचा खर्च त्याच निधीतून द्यावा. ऊर्ध्वपातनानंतर उरलेला चोथा मात्र वैरणीत किंवा खतात जाऊ देता कामा नये. धातू राहतात ते त्या चोथ्यातच.