लेन्स नंतर, आधी कॅमेरा पातळीत धरा

मीडियम फॉरमॅट कॅमेरा हातात आला की पहिले पंधरा दिवस पोस्ट टाकण्यात जातात. सोळाव्या दिवशी ग्रुपवर प्रश्न येतो, ‘यावर वाइड टिल्ट-शिफ्ट कुठली बसेल रे?’ इमारतींचे, घरांचे, हॉटेलांचे फोटो काढून कमवायचं ठरवलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, पडायलाच हवा. घोळ होतो तो उत्तरात. कुणीतरी सगळ्यात महाग लेन्सचं नाव सांगतं आणि बॉडीचा ईएमआय चालू असतानाच दुसरा ईएमआय मागे लागतो. माझं मत उलट आहे. आधी फोटो कापायला शिका, मग लेन्स भाड्याने आणा आणि विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी बघा.

शिफ्टची गरज का पडते? उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर केला की ती मागे कलल्यासारखी आणि वरच्या बाजूला निमुळती दिसते. आर्किटेक्टला हे चालत नाही. त्याने खांब सरळ उभे केलेले असतात. शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा पातळीत राहतो आणि फक्त लेन्स वर सरकते, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. ‘सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू की’ हे आपलं लाडकं वाक्य. पण तिथे वरचे मजले ताणले जातात, कडा कापल्या जातात आणि इमारतीची प्रमाणंही बिघडू शकतात.

यात एक फुकटचा मार्ग आहे. नेहमीची, पण जास्त वाइड लेन्स लावा, कॅमेरा पातळीतच ठेवा आणि फोटोतला खालचा रिकामा रस्ता नंतर कापून टाका. रेषा शिफ्ट लेन्सइतक्याच सरळ येतात, कारण तुम्ही केलंत तेही शिफ्टच. तोटा फक्त पिक्सेलचा. १०० मेगापिक्सेलच्या फुजीफिल्म जीएफएक्सवर फोटोचा ४० टक्के भाग कापला तरी ६० मेगापिक्सेल उरतात. ए-४ पान ३०० डीपीआयने छापायला जेमतेम ९ लागतात. आता सांगा, क्लायंटच्या इन्स्टाग्रामसाठी किती हवेत?

हिशोबच करू. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच. कॅमेरा उभा आणि पातळीत धरला तर जीएफएक्सवर साध्या ३० एमएम लेन्सने पूर्ण टॉवर मावायला साधारण ११५ मीटर मागे जावं लागतं. फुजीफिल्मने २०२३मध्ये आणलेली जीएफ ३० एमएम टिल्ट-शिफ्ट १५ मिलिमीटर सरकते, म्हणून तिला ७० मीटर पुरतात. आणि जीएफ २०-३५ झूम २० एमएमवर ठेवून, नंतर खालचं कापलं तर? ७५-८० मीटर! बारकावे थोडे कमी मिळतील, हे खरं. पण ती टिल्ट-शिफ्ट आली तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत ४ हजार डॉलरच्या घरात होती. ओव्हल मैदानात दहा पावलं मागे जायला पैसे पडत नाहीत.

पण मागे जायला जागाच नसेल तर? पुण्याच्या पेठेतला तीन मजली वाडा आणि समोर सहा मीटरची गल्ली घ्या. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, पाठ समोरच्या भिंतीला. २० एमएमवर वाडा साधारण आठ मीटर उंचीपर्यंत मावतो, फुजीच्या ३० एमएम शिफ्टवर नऊ. इथे खरंच वेगळी लेन्स लागते. गंमत म्हणजे ती मीडियम फॉरमॅटसाठी बनलेलीच नाही.

हे समजायला भिंतीवर टॉर्च मारा. उजेड गोल पडतो. लेन्सही सेन्सरवर असाच गोल पाडते, त्याला म्हणतात इमेज सर्कल. या गोलात सेन्सर बसवून वर जेवढी जागा उरते, तेवढी तुमची शिफ्ट. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ गुणिले ३२.९ मिलिमीटर, म्हणजे कर्ण साधारण ५५. कॅननच्या २००९च्या टीएस-ई १७ एमएम आणि २४ एमएम या लेन्स बनल्या फुल फ्रेमसाठी, पण त्यांचा गोल ६७ मिलिमीटरचा आहे! त्यामुळे त्या जीएफएक्सवर चालतात, वर सात ते नऊ मिलिमीटर शिफ्टही देतात. आपल्या गल्लीत १७ एमएम जवळजवळ १२ मीटरपर्यंत पोचते. वाडा मावला.

लाओवाची १५ एमएम शिफ्ट तर थेट जीएफएक्स माउंटमध्येच मिळते. ती आणखी वाइड आहे. तिच्यात टिल्ट नाही, फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही हातानेच फिरवायचं. माझ्या मते बिघडत नाही. टिल्टने फोकसचं प्रतल तिरकं करता येतं. दागिने, जेवणाचं ताट, टेबलावरचं प्रॉडक्ट यासाठी ते भारीच. पण २० एमएमला एफ/११वर मीटरभरापासून क्षितिजापर्यंत सगळं तसंही शार्प असतं. इमारतींच्या कामात वाइड लेन्सच्या टिल्टसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

जुगाड करताना तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, कॅननच्या या लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग नसते. इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टर हवाच. स्वस्तातली नुसती नळी घेतलीत तर लेन्स कायम उघडीच राहील. दोन, हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत शटर लेन्समध्ये असतं. परक्या लेन्सवर इलेक्ट्रॉनिक शटरवर भागवावं लागतं आणि त्यात फ्लॅश चालत नाही. इंटिरिअर करणाऱ्यांनी इथेच थांबावं. तीन, हॅसलब्लाडच्या जुन्या एच मालिकेचं टिल्ट-शिफ्ट अ‍ॅडॅप्टर फोकल लेंग्थ दीडपट करतं. २८ एमएमची होते ४२. मागायला गेलो वाइड, हातात आलं अरुंद!

‘पण क्लायंटला सेटअप दिसायला नको का?’ हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. सेटवर भारी लेन्स बघून कुणी इम्प्रेस होत असेल, तर होऊ दे. पुढचं काम मिळतं ते वेळेत दिलेल्या सरळ फोटोंवर. महिन्याला दोन कामं असताना वर्षभराची कमाई एका लेन्समध्ये अडकवली, तर प्रवास, असिस्टंट, हार्ड डिस्क हे सगळं कुठून करणार? पहिल्याच वर्षी गिअर विकायला काढणारे माझ्या ओळखीत आहेत. फोटो त्यांना चांगले जमत होते, हप्ते जमले नाहीत.

म्हणून पहिली काही कामं आहे त्या वाइड लेन्सवर करा. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू ठेवा, ट्रायपॉड नीट लावा आणि प्रत्येक फोटोत नेमकं किती कापावं लागलं ते लिहून ठेवा. गल्लीबोळातलं काम आलं की मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने देणाऱ्यांकडून कॅननची १७ एमएम आणा आणि भाडं बिलात लावा. भाड्याच्या पावत्या लेन्सच्या किमतीच्या जवळ जायला लागल्या की मग बोरा बाजार गाठा, आपली बॉडी सोबत घेऊन. दुकानदाराला आधी ‘इमेज सर्कल किती?’ विचारा, मग भाव.