बसवणं सोपं, सांभाळायचं कुणी?

आपल्या कॉलेजातली कॉम्प्युटरची काही मुलं उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांत पार्ट टाइम जातात. हिशेब, स्टॉक, जीएसटीची बिलं यासाठी ईआरपीनेक्स्ट बसवून देतात. हे ज्या फ्रॅपे फ्रेमवर्कवर चालतं, ते मुंबईच्या एका कंपनीनं बनवलंय. सोर्स कोड खुला, लायसनला पैसे नाहीत. मालक खूश, पोरगं खूश. पण तेच पोरगं उद्या पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलं की अपडेट कुणी करायचं?

माझं म्हणणं एवढंच, की इन्स्टॉल कसं करायचं हे ठरवताना पुढचं अपडेट कसं होणार हेही ठरून जातं.

वाटा मुख्यतः तीन. फ्रॅपे क्लाउडवर महिन्याला पैसे भरायचे, सर्व्हरची डोकेदुखी त्यांची. दुसरी डॉकरची, ती जाणकार माणूस कायम हाताशी असेल तरच. तिसरी म्हणजे स्वतःच्या मशीनवर 'बेंच'नं बसवणं. आमची पोरं बहुतेक हीच घेतात. घ्या की, पण 'डेव्हलप' ब्रँच नको. नवीन फीचर तिथं आधी येतात हे खरं, पण अर्धवट कामही तिथंच असतं. कुणाच्या पगारपत्रकावर प्रयोग कशाला? व्हर्जन १५ सारखी स्थिर ब्रँच घ्यावी.

दुसरं, मूळ कोडला हात लावू नये. बिलावर मराठी-कन्नड मजकूर पाहिजे म्हणून कुणी आतली फाइल बदलतं. मग 'बेंच अपडेट' दिलं की ते तिथंच अडतं, आणि जबरदस्तीनं रिसेट केलं तर केलेला बदल पुसला जातो. त्यासाठी वेगळा प्रिंट फॉरमॅट किंवा स्वतःचं छोटं ॲप करायची सोय आहेच.

"चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा?" असं मालक विचारतात. त्यांचंही चूक नाही, महिनाअखेरीला बिलं थांबली तर गाडी थांबते. पण सर्व्हर इंटरनेटला जोडलेला असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या टाळणं म्हणजे दाराला कडी न लावणं. शिवाय तीन व्हर्जन मागं राहिलं की एकेक पायरी चढत यावं लागतं, आणि तेव्हा ज्याला त्यातलं कळतं तो माणूस गावात नसतो.

म्हणून महिन्यातला एक रविवार ठरवावा. आधी बॅकअप. बेंचचा बॅकअप त्याच मशीनवर पडतो आणि जोडलेल्या फाइली वेगळं सांगितल्याशिवाय त्यात येत नाहीत, म्हणून फाइलींसकट घेऊन दुसरीकडं ठेवावा. मग वेगळ्या मशीनवरच्या कॉपीत अपडेट करून एक बिल काढून बघावं, आणि त्यानंतरच खऱ्या मशीनला हात लावावा.

आणि जाताना एक कागद लिहून ठेवावा: व्हर्जन कुठलं, बॅकअप कुठं, कमांड कुठल्या. मराठीत किंवा कन्नडमध्ये, ऑफिसातल्या माणसाला जी वाचता येते त्या भाषेत. हा कागद दिल्याशिवाय काम पुरं झालं असं मी तरी म्हणणार नाही.