गणतीत न बसणारे बेघर

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. त्यांत महाराष्ट्रातील दोन लाखांहून अधिक. पदपथावर, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत राहणारा तो बेघर, अशी ही मोजदाद. भोर-वेल्ह्याचा डोंगरी माणूस या व्याख्येत बसत नाही. म्हणून तो बेघर नाही, असे कोणी समजू नये.

स्वराज्याला पहिली माणसे दिली ती या मावळ खोऱ्यांनी. याच खोऱ्यांत इंग्रजी अमदानीत भाटघर आणि स्वातंत्र्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे झाली. भाटघरच्या पाण्यावर बारामती-फलटणचा ऊस फोफावला, पानशेत-वरसगावच्या पाण्यावर पुणे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातील बेघरांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, हे योग्यच झाले. पण धरणापायी ज्यांचे गावठाणच बुडाले, त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले! काल सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी असा बेघरांच्या रांगेत आला.

त्या रांगेत आधीपासून उभा होता तो कातकरी. वर्षातील काही महिने वीटभट्टी वा कोळसाभट्टीवर, उरलेले दुसऱ्याच्या मालकीच्या तुकड्यावरील खोपटात. पूर्वी डोंगरउताराला किंमत नव्हती, तेव्हा मालकाची हरकत नव्हती. आता पुणे पसरले, फार्महाऊस आली, तारेची कुंपणे आली. कातकऱ्याच्या डोक्यावर छप्पर आहे. पायाखालची जमीन मात्र त्याची नाही. हा बेघरपणा कोणत्या रकान्यात भरायचा?

घरकुले मंजूर होतात, असे उत्तर मिळेल. आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये केंद्राची 'पीएम-जनमन' योजना आली, तिचे स्वागतच आहे. परंतु घरकुलाला आधी जागा लागते. जिथे जागाच नाही, तिथे मंजुरीचा कागद भिंतीला टेकवायचा, तर भिंत कुठे आहे?

२०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला, तो प्रत्येकाला अभिमानास्पद आहे. मात्र गडाच्या परिसरातील वनवासी बांधवाला हक्काचे गावठाण मिळाल्यावाचून त्या नावाचा मान राखला जाणार नाही. शासनाने आधी वाड्यांखालची जमीन मोजावी, ती कातकऱ्यांच्या नावे लावावी आणि मगच घरे बांधावीत. ज्या मातीने राज्य उभे केले, त्या मातीत तिच्याच लेकरांनी उपरे म्हणून किती पिढ्या काढायच्या?