तिळभांडेश्वराच्या गल्लीतील सभागृह

इंग्रजी अमदानीतील सभागृह म्हटले की कमानी, उंच छत आणि भिंतीवर देणगीदाराचे तैलचित्र असे दृश्य डोळ्यांसमोर येते. ठाण्यात टाऊन हॉल आहे. मुंबईच्या सर कावसजी जहांगीर सभागृहाला १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे रूप मिळाले. या वास्तू टिकल्या, हे उत्तमच झाले. पण पारतंत्र्यातील राष्ट्राच्या सभा केवळ अशाच ठिकाणी भरत होत्या काय?

नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत, पायांनी अधू असलेल्या कवी गोविंदांच्या, म्हणजे आबा दरेकरांच्या खोलीत, १९०० पासून मित्रमेळ्याच्या बैठका भरू लागल्या. विनायक सावरकर, त्यांचे वडीलबंधू बाबाराव आणि त्यांचे सवंगडी तेथे इतिहासाचे वाचन करीत, व्याख्याने देत, शिवजयंती व गणेशोत्सवाची आखणी करीत. १९०४ मध्ये याच मेळ्यातून ‘अभिनव भारत’ उभी राहिली.

या खोलीचे मोल इंग्रजांनी अचूक ओळखले होते. १९०९ मध्ये राष्ट्रीय कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले गेले ते आपल्या ठाण्याच्या कारागृहात. त्यांचे देहही नातलगांना मिळाले नाहीत. ठाणे स्थानकावरून रोज ये-जा करणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

वारशाचे मोजमाप दगड, कमान आणि वास्तुशिल्पी यांवरच करणाऱ्यांच्या यादीत गल्लीतली खोली बसत नाही. क्रांतिकारकांना ‘वाट चुकलेले तरुण’ म्हणून तळटिपेत ढकलणाऱ्या पुरोगामी पंडितांना तर ती बसवायचीच नाही. तिचा आग्रह धरला की ‘व्यक्तिपूजा’ असा शिक्का मारण्यास ते मोकळे!

या आक्षेपाला उत्तर खुद्द सावरकरांच्या कृतीतच आहे. स्वतंत्र देशात गुप्त, सशस्त्र संघटनेचे प्रयोजन उरले नाही, म्हणून १९५२ साली पुण्यात त्यांनी ‘अभिनव भारत’ची विधिपूर्वक सांगता केली. पण दुसऱ्याच वर्षी नाशिकला अभिनव भारत मंदिर उभे राहिले. संघटना विसर्जित झाली, तिचे स्थान मात्र राखले गेले.

ते राखणे म्हणजे केवळ भिंतींची डागडुजी आणि जयंतीला पुष्पहार नव्हे. जिथे तरुण वाचत व वाद घालत होते, तिथे आजही वाचन व वाद व्हायला हवेत. गोविंदांच्या कविता आणि नाशिक खटल्याची कागदपत्रे विद्यार्थ्यांना तेथे पाहता यावीत. पंचवटी-त्र्यंबकेश्वरच्या यात्रेत ठाणेकर कुटुंबांनी या गल्लीसाठी तासभर राखून ठेवावा, शाखांनी आपल्या सहली तिथे न्याव्यात. माणसांची पावले थांबली की वास्तूचा वाली उरत नाही. मग तिच्या पडझडीचा दोष केवळ सरकारला देता येणार नाही.