सोलर प्लेटची पाठ बघा

वावरातल्या सोलरची काच तुम्ही पुसता. चांगलं करता. पण खाली वाकून प्लेटची पाठ शेवटची कधी पाहिलीत?

काच सहसा उन्हाला दाद देत नाही. थकतं ते प्लास्टिक. वीज बनवणाऱ्या आतल्या चकत्या काचेला धरून असतात त्या पारदर्शक प्लास्टिकच्या थरामुळे. बहुतेक प्लेटांच्या पाठीवरचा पांढरा पडदाही प्लास्टिकचाच. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा प्लेट ६५-७० अंशांपर्यंत तापते. मग पावसाळा. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर रस्ता अडवतो, इतका. उन्हानं कडक झालेल्या पडद्याला भेगा जातात. भेगेतून ओल शिरते. आतला थर पिवळा पडतो, उजेड अडतो. त्या थरातून व्हिनेगरसारखं आंबट आम्ल सुटतं आणि प्लेटच्या आतल्या बारीक तारा खातं. पंपाची धार बारीक होते आणि तुम्ही मोटारीला दोष देता.

पाऊस लागायच्या आधी एकदा पाठ बघा. नुसती डोळ्यांनी. भेग, फुगा, जळल्याचा काळा डाग दिसला तर हात लावू नका. बटण बंद केलं तरी उजेड असेपर्यंत प्लेटमध्ये वीज असते, आणि धानाच्या बांधीत आपले पाय ओले असतात. ओल्या सकाळी पंप चालत नाही, ऊन चढल्यावर चालतो? मग कुठेतरी ओल शिरली असण्याची शंका घ्या. वायरमनला बोलवा.

भेगेवर चिकटपट्टी लावू नका. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला पंप असेल तर ५ वर्षं दुरुस्तीची हमी आहे. तुम्ही १० टक्के वाटा भरलाय, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. तेव्हा तक्रार करायला संकोच कसला?

प्लेटखाली तणस रचू नका, पाठीला वारा लागू द्या. मोहफुलं वेचायला पाला पेटवता, ती आग तिकडे जाऊ देऊ नका. वायर लोंबत असेल तर बांधून घ्या. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतू नका, सकाळीच धुवा.

नवी प्लेट घेताना दोन्ही बाजूंनी काच असलेली मिळते का, विचारा. तिला पाठीचा पडदा नसतो. जड असते, म्हणून सांगाडा मजबूत हवा.

आणि पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो आजच काढून ठेवा. तक्रारीला तिच्यावरचा नंबर लागतो, आणि ती चिठ्ठीही उन्हानं पुसट होते.