समुद्र तापवणारा 'मानव' कोण?

दरवर्षी ८ जूनला जागतिक महासागर दिन पाळला जातो. त्या दिवशी वातानुकूलित सभागृहांतून जी भाषणे होतात, त्यांत एक वाक्य हमखास असते : मानवी हस्तक्षेपामुळे समुद्र धोक्यात आला आहे. वाक्य खोटे नाही. परंतु अर्धे सत्य सांगून उरलेले अर्धे झाकण्याची सोय ज्या वाक्यांत असते, त्यांतले हे एक आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी कोळीण मानव आहे आणि कोळशाच्या जहाजांचा मालकही मानव आहे. दोघांना एकाच शब्दात कोंबले की गुन्हा सर्वांचा होतो, म्हणजे कोणाचाच उरत नाही. मग रविवारी सकाळी शाळकरी मुलांच्या डोक्यावर एखाद्या कंपनीची टोपी घालून त्यांच्याकडून चौपाटीवरच्या पिशव्या वेचून घेतल्या, की मानवजातीचे प्रायश्चित्त पुरे झाले असे मानायला हरकत राहत नाही!

समुद्राचे नेमके काय झाले आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळल्याने पृथ्वीभोवती जी जादा उष्णता कोंडली गेली, तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्साही तोच गिळतो. तो वायू पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून पृष्ठभागाच्या पाण्याची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आहे, आणि कालवे, शिंपले, प्रवाळ यांना आपले कवच घडवणे त्या प्रमाणात जड जाऊ लागले आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी वीस सेंटिमीटरने वर आली. समुद्राने हा भार उचलला नसता तर जमिनीवर जगणे केव्हाच असह्य झाले असते. जमिनीवरच्या धनिकांचे कर्ज समुद्राने आपल्या नावावर लिहून घेतले आहे, आणि त्याची वसुली मात्र किनाऱ्यावरच्या गरिबांकडून चालू आहे.

अरबी समुद्राची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. बंगालच्या उपसागराच्या मानाने हा समुद्र थंड, आणि म्हणून वादळांच्या बाबतीत शांत समजला जात असे. कोकणातील जुन्या पिढीच्या बोलण्यात उधाण असते, पावसाळी तुफान असते. परंतु वर्षाआड घराचे छप्पर उडवून नेणारे चक्रीवादळ क्वचितच असते. ही स्थिती पालटली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. त्यांपैकी 'क्यार' आणि 'महा' ही तर एकाच वेळी समुद्रावर घोंघावत होती.

उष्णतेचा दुसरा घाव डोळ्यांना दिसत नाही. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच राहते आणि खालच्या थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध अशा पाण्याला वर येऊ देत नाही. त्या द्रव्यांवर जगणारे वनस्पती-प्लवक घटतात. हे प्लवक म्हणजे समुद्राचे गवत. गवत खुरटले की त्यावर चरणाऱ्या तारली-बांगड्यांपासून त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांपर्यंत सगळी उतरंड डळमळते. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकांची घट वीस टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. ही आग कोणी लावली? अमेरिकेतील एका माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतातील माणसामागे दोन टनांच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासूनचा हिशेब मांडला तर एकट्या अमेरिकेच्या खात्यावर जगाचा जवळजवळ चौथा हिस्सा येतो. परंतु येथे राष्ट्राराष्ट्रांच्या हिशेबावर थांबणे हीदेखील एक फसवणूकच आहे, आणि ती फसवणूक दिल्लीतील राज्यकर्त्यांना फार प्रिय आहे. परदेशातील परिषदांत ते भारतातील गरिबांची सरासरी पुढे करतात आणि परत आल्यावर त्याच गरिबांच्या किनाऱ्यावर धनिकांचे प्रकल्प उभारतात. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक जवळजवळ निम्म्या प्रदूषणास जबाबदार आहेत. हे दहा टक्के न्यूयॉर्कमध्ये आहेत, तसे मलबार हिलवरही आहेत. दोन टनांच्या सरासरीमागे लपण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

महाराष्ट्रातील मासेमारीचे उदाहरण घ्यावे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली राज्याचे सागरी मत्स्योत्पादन २ लाख १ हजार टनांवर घसरले. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. आदल्या वर्षी ते २ लाख ९५ हजार टन होते. त्या वर्षीच्या वादळांनी मासेमारीचे कितीतरी दिवस खाल्ले, हे खरेच. परंतु 'हवामानबदल' हा शब्द हाती लागल्यापासून मत्स्यखात्याची नोकरशाही आणि मोठ्या बोटींचे मालक या दोघांच्याही चेहऱ्यावर जी निश्चिंतता आली आहे, ती पाहण्याजोगी आहे. मासळी कमी झाली? हवामानबदल! जणू समुद्रतळ खरवडून काढणारी ट्रॉलरची जाळी हवामानाने विणली होती!

या जाळ्यांचा इतिहास फार जुना नाही. पन्नाशीच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिकीकरणाचा जो प्रयोग सुरू झाला, त्यातून कोळंबीच्या निर्यातीची वाट खुली झाली आणि परकीय चलनाच्या मोहाने सरकारांनी सगळ्या किनाऱ्यावर ट्रॉलरचा पुरस्कार केला. सत्तरीच्या दशकात गोव्याचे रांपणकर रस्त्यावर उतरले. माताँय साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्या लढ्यातून पुढे आले आणि लहान मच्छीमारांची अखिल भारतीय चळवळ उभी राहिली. तिच्या दबावामुळे राज्याराज्यांत कायदे झाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. पुढे नव्या आर्थिक धोरणाने परदेशी जहाजांना खोल समुद्राचे दरवाजे उघडले, तेव्हाही मच्छीमारांच्या देशव्यापी बंदनंतरच मुरारी समिती नेमली गेली आणि १९९६ साली तिने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. शासनाच्या विवेकबुद्धीने या प्रकरणात आपणहून एकही पाऊल टाकल्याचे दिसत नाही.

पर्ससीनची कथा तीच. बटव्याच्या तोंडासारखी तळाची दोरी आवळून माशांचा अख्खा थवाच्या थवा उचलणारे हे जाळे मालवण-देवगडच्या रापणकारांच्या पोटावर आले. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ साली आला. त्यावर आदेश निघायला २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. पर्ससीन नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणावी, असे त्यात ठरले. मग प्रखर दिव्यांनी मासे गोळा करण्याची युक्ती आली. २०१७ साली केंद्राने तिच्यावर बंदी घातली, २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा वाढवल्या. तरीही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसल्याच्या तक्रारी संपल्या नाहीत. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची सत्ता, त्यापलीकडे केंद्राची. कागदावरची ही रेघ बोटमालकांच्या वकिलांना पाठ असते. पापलेटला ती ठाऊक नसते. २०२३ साली राज्य सरकारने याच पापलेटला 'राज्य मासा' म्हणून गौरवले. पूर्ण वाढ होण्याआधीच मारल्या जाणाऱ्या माशाला हा सन्मान मिळाला, ही थट्टा बहुधा अजाणतेपणीच झाली असावी.

येथे एक कडू गोष्टही नमूद केली पाहिजे. मोठ्या बोटींचे मालक सगळेच बाहेरचे भांडवलदार नाहीत. कर्ज काढून पर्ससीन घेणारे किनाऱ्यावरच्या समाजांतलेच आहेत आणि जातीच्या मेळाव्यात ते लहान होडीवाल्यांच्या शेजारी बसतात. 'आपला समाज' या शब्दात ही दरी झाकण्याची चूक चळवळीनेही केली आहे. आणि या सगळ्यांच्या खाली खलाशी आहे : रत्नागिरीच्या बोटींवरचा नेपाळी, गुजरातच्या बोटींवर जाणारा डहाणू-तलासरीचा आदिवासी. जवळची मासळी सरली की बोट सीमेकडे सरकते, आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतो तो हा आदिवासी, बोटीचा मालक नव्हे.

वादळेही सर्वांना समान लेखत नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने मदतीचा हिशेब मांडला, तेव्हा पोफळीच्या एका झाडाला ५० रुपये आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये असा भाव ठरला. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्या कुटुंबाने काय खावे, याचा विचार त्या आदेशात नव्हता.

पुढच्याच वर्षी 'तौक्ते' आले. त्याची सूचना हवामानखात्याने काही दिवस आधी दिली होती आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी होड्या ओढून घेतल्या होत्या. परंतु बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची तराफानौका, स्वतःचे इंजिन नसलेली, जागीच राहिली. नांगर तुटले. १७ मे २०२१ रोजी ती बुडाली तेव्हा तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाने जिवाची शर्थ करून बहुसंख्यांना वाचवले. तरी ती नौका आणि तिच्या सोबतीची एक टग मिळून सत्तरांहून अधिक कामगार मेले. बहुतेक कंत्राटी. समुद्र तापवणारे तेल ज्यांच्या हातांनी उपसले जाते, त्यांनाच त्या तापलेल्या समुद्राने गिळावे, आणि त्यांना वेळेवर किनाऱ्यावर आणण्याचा खर्च कोणी करायचा यावर नंतर चौकशा चालाव्यात! या मृत्यूंनाही 'नैसर्गिक आपत्ती' हेच नाव मिळाले.

संकट एवढे उघड असताना शासनाने किनारा सावरायला हवा होता. झाले उलटेच. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव केला होता. २०१९ च्या जानेवारीत नवी अधिसूचना आली आणि दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ही मर्यादा पन्नास मीटरवर आणली गेली. समुद्र पुढे येतो आहे, हे ठाऊक असताना कायदा मागे हटला.

आणि मग वाढवण. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या प्राधिकरणाने १९९८ साली याच जागेवरचे बंदर नाकारले होते. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच प्राधिकरणाने २०२३ च्या जुलैत बंदराला संमती दिली. ७६ हजार २२० कोटी रुपयांचा प्रकल्प, समुद्रात १ हजार ४४८ हेक्टरांचा भराव, आणि त्यासाठी दमणजवळच्या समुद्रतळातून उपसायची वाळू. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला भूमिपूजनही पार पडले. भूमी तेथे नाहीच. पूजन झाले ते समुद्र बुजवण्याच्या संकल्पाचे.

देशाला बंदरे नकोत काय, असा सवाल लगेच केला जातो. हा सवाल टाळण्याचे कारण नाही. देशाला बंदरे हवीत. परंतु माशांच्या विणीचा खडकाळ, उथळ किनारा हीच जागा का, हे स्थानिक ग्रामसभांना पटवून देण्याची जबाबदारी बंदर मागणाऱ्यांची आहे, आणि ती पोलीस बंदोबस्ताने पार पडत नाही. नोकऱ्यांची आश्वासने तर नेहमीचीच. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी ज्यांचे गाव हलवले गेले, त्या हनुमान कोळीवाड्याच्या लोकांना दशके लोटली तरी योग्य पुनर्वसनासाठी झगडावे लागले. वाढवणच्या बायका आंदोलनात पुढे असतात त्या हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून. या सगळ्या खटाटोपाला दिल्लीने 'नील अर्थव्यवस्था' असे देखणे नाव दिले आहे. निळा रंग समुद्राचा, अर्थव्यवस्था मात्र दुसऱ्याच कोणाची.

किनाऱ्यावरच्या माणसांची मागणी अवाच्या सवा नाही. ट्रॉलर आणि पर्ससीनवरचे जे निर्बंध कायद्यात आहेत, ते अमलात यावेत. गस्तीच्या नौका आणि माणसे पुरेशी असावीत. वादळाच्या सूचनेमुळे बुडालेल्या दिवसांचा रोज होडीमालकाबरोबर खलाशालाही, तो नेपाळी असो वा आदिवासी, मिळावा. कोळीवाड्यांच्या वहिवाटीच्या जागा, मासळी सुकवण्याच्या जागांसह, त्यांच्या नावे लागाव्यात. यांतल्या एकाही मागणीसाठी ७६ हजार कोटी लागत नाहीत.

वरळीच्या कोळ्यांनी मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप नेता याव्यात म्हणून दोन खांबांतले अंतर वाढवून मागितले होते. आराखड्यात ते ६० मीटर होते. तज्ज्ञांनी तेवढे पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. कोळ्यांनी आपल्या होड्या आडव्या घालून समुद्रातले काम थांबवले, महिनोन्‌महिने थांबवले. अखेर २०२२ च्या डिसेंबरात सरकारने एक खांब गाळून १२० मीटरचे अंतर मान्य केले. कोळ्यांची मागणी त्याहून अधिक होती.