रंजक

'रंजक' म्हटले की आजच्या वाचकाला रंजक कथा, रंजक माहिती एवढेच आठवते. पण पेशवाईतल्या एखाद्या गोलंदाजाच्या कानी हा शब्द पडता, तर त्याने आधी आपली रंजकदाणी चाचपली असती. तोफेच्या कानात ओतायची बारीक दारू, ती रंजक. बत्ती लागायची ती हिला, आणि आतल्या दारूपर्यंत आग पोचवायची तीही हिनेच. शोभेची दारू करणाराही तिच्यावाचून पांगळाच.

'दारू' हा शब्दही असाच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. चिनी लोकही या पदार्थाला आगीचे औषध म्हणतात. कुटणे, खलणे, वस्त्रगाळ करणे, तोलून मिसळणे : वैद्याची आणि दारूवाल्याची कामे सारखीच. दोघांच्याही चुकीने माणूस दगावतो.

रंजकेत घालायचे तरी काय? सोरा, गंधक आणि कोळसा. तिला रंग नको, आवाज नको. ठिणगी पडताच पेटावे आणि पुढच्याला पेटवावे, एवढेच तिचे काम. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो, गंधकामुळे आग लवकर धरते. कोळसा हलक्या लाकडाचा हवा. सोऱ्याची परीक्षा अधिक कडक. बिहारातले नोनिया लोक तो खारट मातीतून काढीत. पण त्यात मीठ राहिले की तो हवेतले पाणी ओढतो, आणि ऐन वेळी बत्ती देणारा नुसता फुंकर मारीत बसतो.

पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतली 'दारूची लंका' वर्णन करून सांगितल्याची हकीकत आहे. पुढे पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका करवली. मारुतीच्या शेपटाला आग, आणि त्या शेपटाने लंकेची घरे एकामागून एक पेटायची! पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, त्यात ही हकीकत दिली आहे. गोड्यांच्या लेखनाला कोरडे म्हणणाऱ्यांनी ते वाचलेले नसते. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातली लग्नाची आतषबाजीही त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम क्लोरेट आले आणि आतषबाजीला झगझगीत रंग चढले. हा पदार्थ चटकन पेटतो, म्हणून मोह मोठा. पण तो गंधकाशी मिसळला की घासण्याने, दाबाने, कधी तर कोणी हात न लावताही पेट घेतो. सोऱ्याच्या सवयीचा हात इथे घात करतो, कारण सोऱ्याशी गंधक वर्षानुवर्षे मुकाट्याने नांदलेला असतो. आपल्या सरकारने २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने क्लोरेट-गंधकाच्या मिश्रणावर बंदी घातली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हिरवा रंग देणारे बेरियमचे क्षारही फटाक्यांतून वर्ज्य केले, आणि नागपूरच्या 'नीरी' संस्थेने कमी धुराच्या फटाक्यांची कृती बसवली.

परदेशात हौशी लोकांची आतषबाजीची मंडळे आहेत. आपल्याकडे फटाके करायला परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. मला काळजी वाटते ती आपल्या वाड्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या पोरांची. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ही मंडळी फुसके फटाके वेचतात, सोलतात, दारू कागदावर जमवतात आणि काडी लावतात. त्यांच्या आजोबांनीही हेच केले होते, म्हणून घरची माणसे कौतुकाने पाहतात. पण आजोबांच्या फटाक्यातली दारू आणि आजच्या फटाक्यातली ॲल्युमिनियमची भुकटी घातलेली दारू यांत फार अंतर आहे. ही डोळ्याची पापणी लवायच्या आत पेटते. हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. पाण्याची बादली अंगणात ठेवावी, फुसके फटाके रात्रीच तिच्यात टाकावेत. पोरे रुसतील, रुसू द्यावीत, भाऊबीजेपर्यंत विसरतात.